डोके दाखवायचे कुणाला?

मराठी भाषेत डोके आणि मन यांचा संसार फार जुना आहे. पण दोघांचे पटते असे मात्र दिसत नाही. गणित सुटले की डोके चालले, नापास झालो की अभ्यासात मन लागत नव्हते. राग डोक्यात जातो, बोलणे मनाला लागते. हिशेब डोक्यात ठेवायचा असतो आणि अपमान मनात. या सगळ्या व्यवहारात मेंदू नावाच्या बिचाऱ्या अवयवाला जागाच उरलेली नाही. घरात त्याचे नाव निघते ते दोनच प्रसंगी: मुलाला परीक्षेआधी बदाम खाऊ घालताना, आणि घरातले कुणी एकाएकी कोसळल्यावर.

मी गेली वीस वर्षे गोंदियाला मराठी शिकवतो. मराठीचा प्राध्यापक म्हटला, की गाव त्याच्याकडे दोन कामे हक्काने सोपवते. लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणे हे एक, आणि अवघड शब्दाचा अर्थ सांगणे हे दुसरे. बारावीचे निकाल लागले की या दुसऱ्या कामाला भर येतो. यंदा एक सद्गृहस्थ मुलीला आणि आपल्या आईला घेऊन आले. मुलीला मानसशास्त्र घ्यायचे होते आणि वडिलांची झोप उडाली होती.

“सर, मानसशास्त्र, मानसोपचार, मेंदूविज्ञान हे सगळं एकच ना? म्हणजे ही शेवटी वेड्यांची डॉक्टर होणार!”

“होऊ दे की,” आजीबाई म्हणाल्या, “पहिला पेशंट घरातच आहे.”

आजीबाईंचा निकाल योग्य असला तरी चिरंजिवांचा प्रश्न रास्त होता. हे सगळे एकच नाही. आपली वर्तमानपत्रे मात्र या सर्वांना सरसकट ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणून मोकळी होतात, आणि मग वाचकाचाही गोंधळ उडतो.

आमच्या जिल्ह्यात धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. एकाच बांधीकडे किती जण पाहतात ते बघा. तलाठी तिची हद्द पाहतो, कृषी सहायक कीड पाहतो, व्यापारी उतारा पाहतो, आणि पक्षिमित्र येतो तो बांधावर सारसाने घरटे केले आहे का ते पाहायला. बांधी तीच, प्रश्न निराळे. तलाठ्याला किडीचे औषध विचारणारा शेतकरी कुठे भेटायचा नाही. पण डोक्याच्या बाबतीत ही गल्लत आपण रोज करतो.

मानसशास्त्र हे मुख्यतः धडधाकट माणसाचे शास्त्र. आपण शिकतो कसे, विसरतो का, गर्दीत निराळे का वागतो, हे ते प्रयोगाने तपासते. जर्मनीत लाइप्झिगला विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे शास्त्र तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळे निघाले असे मानतात. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली त्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मानसशास्त्रज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर नव्हे. तो औषध लिहून देत नाही. त्यातला जो रुग्णांच्या चाचण्या घेतो आणि बोलण्यातून उपचार करतो, तो चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नाव सांगणाऱ्याकडे ती नोंद जरूर विचारावी. त्यात उद्धटपणा नाही.

मनोविकारशास्त्र ही वैद्यकाची शाखा. हा मनुष्य आधी एम.बी.बी.एस. होतो, मग या विषयात एम.डी. करतो. भास, संशय, टोकाची उदासी, व्यसन हे त्याचे क्षेत्र. तो औषध देतो आणि बोलतोही. त्याच्या शेजारच्या दारावर मेंदूविकारतज्ज्ञाची, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टची पाटी असते. मेंदू, पाठीच्या कण्यातली रज्जू आणि नसा यांना तो इतर अवयवांसारखे तपासतो: झटके, पक्षाघात, कंपवात. आणि या दोघांच्या मागे, रुग्णांच्या रांगेपासून दूर, प्रयोगशाळेत बसलेला असतो तो मेंदूविज्ञानाचा अभ्यासक. एकेक पेशी दुसरीशी कशी बोलते हे तो पाहतो. या शास्त्राचे दोन मूळपुरुष, इटलीचे गॉल्जी आणि स्पेनचे काहाल, यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मौज अशी, की मेंदू हे एक सलग जाळे आहे असे गॉल्जी म्हणत आणि तो सुट्या पेशींचा बनला आहे असे काहाल म्हणत. पारितोषिक एकच, पण व्याख्यानात गॉल्जींनी काहालांच्या मतावर तुटून पडायला कमी केले नाही! पुढे काहालांचे म्हणणे खरे ठरले.

या पेशींना मराठीत काय म्हणावे, हा आमच्या जातीचा प्रश्न. जुनी पुस्तके मज्जापेशी म्हणतात. पण हाडातला मगज तो मज्जा, मेंदूकडून निघणारे ते मज्जातंतू, आणि मुलांना सुटीत येते तीही मज्जाच! म्हणून हल्लीची पुस्तके ‘चेतापेशी’ म्हणतात. शब्द गोड आहे. घराघरांत रुळायला मात्र वेळ लागेल.

शिवाय एक शाखा अशी, की जिला रुग्ण लागतच नाही, माणूसही लागत नाही. प्राणी आपापल्या रानात कसे वागतात हे पाहणारे वर्तनशास्त्र. लोरेन्झ, टिनबर्गन आणि फ्रिश या तिघांना त्यासाठी १९७३ साली नोबेल मिळाले. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. त्याची जोडी, तिचे नाच, पिलांना बांधीतून फिरवण्याची तिची तऱ्हा हे सारे या शास्त्राचे धडे आहेत. आमच्या नवेगावबांधच्या तळ्याकाठी मारुती चितमपल्लींनी वर्षानुवर्षे जे डोळ्यांनी टिपले आणि मराठीत लिहिले, त्याची वाटही या शास्त्राच्या बांधावरूनच जाते. यंत्र नाही, औषध नाही. फक्त न कंटाळता पाहणे. बाकीच्या शाखांनीही हा गुण थोडा उसना घ्यावा असा आहे.

एवढी ओळखपाळख झाली. आता या मंडळींना एका कामावर जुंपून पाहू, आणि कामही आमच्याच मातीतले घेऊ.

दिवाळीच्या सुमारास धान पिवळे पडू लागते. बांधीतली ओल सुकण्याआधी उभ्या धानातच शेतकरी लाखोळीचे बी फेकतो. याला उतेरा म्हणतात. नांगरट नको, खत नको. पावसाने दगा दिला, इतर पिके गेली, तरी लाखोळी तग धरते. म्हणून ती गरिबाची डाळ. पण वाईट सालात हीच डाळ दोन-तीन महिने रोजचे मुख्य अन्न झाली, तर चांगल्या धट्ट्याकट्ट्या तरुणाच्या पायांत ताठरपणा येतो. टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांना घासतात. आधी हातात एक काठी येते, मग दोन, आणि शेवटी माणूस जमिनीवरून सरपटू लागतो. सागरच्या मुलखात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३०च्या दशकात असे पांगळे झालेले तरुण पाहिले आणि १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांची हकीकत लिहून ठेवली.

हा तरुण कुणाचा रुग्ण? मेंदूविकारतज्ज्ञ त्याला तपासून सांगतो, की दोष पायांत नाहीच. मेंदूचा हुकूम कण्यातून पायांकडे नेणारे तंतू बिघडले आहेत. बुद्धी, वाचा, स्पर्श शाबूत आहेत. प्रयोगशाळेतला रसायनज्ञ आणखी आत जातो. लाखोळीतले विषारी अमिनो आम्ल आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळे काढले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात त्यासाठी ग्लुटामेट नावाचा एक नित्याचा निरोप्या असतो. हे विष त्याचे सोंग घेते, आणि खोट्या निरोपांनी पेशी धावूनधावून थकतात, मरतात. दोन्ही उत्तरे सोळा आणे खरी. पण तिसरा प्रश्न उरतोच: पाय जातात हे ठाऊक असूनही माणूस ती डाळ खातो का? याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. भूक, कर्ज आणि मजुरी यांत ते सापडते. रीवा-सतन्याकडे तर मजुराला मजुरीच या डाळीच्या रूपाने मिळत असे. १९६१ साली डाळीच्या विक्रीवर बंदी आली आणि ती असावी की नसावी यावर पुढे कैक वर्षे वाद झडले. कायद्याला डाळीवर बंदी घालता आली. भुकेवर घालता आली नाही. आणि चौथा प्रश्न, जो कुणी विचारलाच नाही: ऐन पंचविशीत सरपटण्याची पाळी आलेल्या त्या तरुणाच्या मनाचे काय झाले असेल? तिथे मनोविकारतज्ज्ञाचे काम होते. (भिजवून पाणी फेकून दिले की विष बरेच कमी होते, आणि चारीठाव जेवणात अधूनमधून आलेल्या डाळीने कुणी पांगळे होत नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.)

सांगायचा मुद्दा असा, की या शाखांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. एकाच दुःखाला त्या निरनिराळ्या उंचीवरून प्रश्न विचारतात. चूक होते ती एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवले की.

आणि ही चूक किती महाग पडते! आमच्या ओळखीचे एक मुनीमजी आहेत, राईस मिलमध्ये हिशेब लिहितात. त्यांच्या मुलीला बाराव्या वर्षी झटके सुरू झाले. आमच्या गावात या दुखण्याला मिरगी, फिट, फेफरे, आकडी अशी चार नावे आहेत आणि कांद्यापासून चपलेपर्यंत हुंगवण्याच्या वस्तूही तितक्याच. तिची पहिली दोन वर्षे ताईत आणि उतारे यांत गेली. मग कुणी मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. तो भला माणूस! त्याने नीट ऐकून घेतले आणि सांगितले, “पोरीचं मन उत्तम आहे. हिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या.” मेंदूतल्या विजेचा आलेख निघाला, गोळ्या सुरू झाल्या. आज ती चोवीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, आणि तीन वर्षांत एकही झटका आलेला नाही.

मुनीमजी माझ्याकडे आले ते तिचा बायोडाटा घेऊन.

“सर, लपवायचं नाही, असं पोरीनंच सांगितलं आहे. पण ‘मिरगी’ नका लिहू. एखादा बरा शब्द सांगा ना.”

बरा शब्द! मला चरकसंहिता आठवली. तिच्यात उन्माद आणि अपस्मार यांचे अध्याय वेगवेगळे आहेत. अपस्मार म्हणजे स्मृतीचे निसटणे. त्याला वेडाच्या खात्यात टाकावे असे त्या प्राचीन वैद्यांना वाटले नाही. आणि आपण? १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या शेजारी त्याच ओळीत अपस्मारही लिहिला गेला. तो शब्द तिथून निघाला १९९९ साली. त्याच वर्षी १ मे रोजी आमचा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला. जिल्ह्याची फोड झाल्याचे गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. शब्दाची फोड झाल्याचे मुनीमजींनाही ठाऊक नव्हते. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे, आणि योग्य औषधोपचार मिळाले तर शंभरातले सत्तर जण झटक्यांशिवाय जगू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात तर कित्येकांच्या झटक्यांचे मूळ न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात गेलेली जंताची अंडी, एवढेच असते. त्यात कुळाचा दोष कुठे आला?

मी लिहिले: ‘अपस्मार (फिट) होता, औषध चालू, तीन वर्षांत झटका नाही, डॉक्टरांना भेटू शकता.’ वाक्य कुठे घालावे यावर आम्ही अडलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मधे घाला. सुरुवातीला घातलंत तर पुढचं वाचणार नाहीत, आणि शेवटी घातलंत तर लपवलं म्हणतील.” मराठीच्या कुठल्याही प्राध्यापकाला हे सुचले नसते. दोन स्थळांकडून उत्तर आले नाही. तिसऱ्याने एवढेच विचारले, की औषध जेवणाआधी घ्यायचे की नंतर. बोलणी चालू आहेत.

झटका निदान दिसतो तरी. जो दिसत नाही त्याचे काय? घरातला कुणी हसेनासा होतो, पहाटे तीनला जागा होतो, आवडती भाजी पानात तशीच ठेवून उठतो. आपण म्हणतो, “मनावर घेऊ नकोस.” तापाने फणफणलेल्या मुलाला, ‘ताप अंगावर घेऊ नकोस’ असे सांगून कुणी शाळेत धाडत नाही, पण उदासीच्या बाबतीत हाच आपला घरगुती उपचार.

उदासीत शरीराचाही वाटा असतो याचा एक सुगावा फार चमत्कारिक रीतीने लागला, आणि त्या कथेचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना जुनी ठाऊक. वेडाच्या भरात पिसाळलेल्याला ती शांत करी. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि ते औषध जगभर गेले. १९५२ साली तिच्यातले रेझर्पिन वेगळे काढण्यात आले. पण रक्तदाबासाठी ते घेणाऱ्यांपैकी काही जण खिन्न होऊ लागल्याच्या नोंदी आल्या. मनाचे काहीही बिनसलेले नसताना नुसत्या गोळीने माणूस खिन्न होत असेल, तर खिन्नतेचा आणि मेंदूतल्या रसायनांचा काही संबंध असला पाहिजे! या तर्काने पुढच्या अनेक औषधांची दिशा ठरवली. पुढे चित्र वाटले होते त्याहून बरेच गुंतागुंतीचे निघाले, पण दार उघडले ते उघडलेच.

आणि त्याच दशकात अमेरिकेत अल्बर्ट एलिस हा मानसशास्त्रज्ञ दुसरेच दार ठोठावत होता. प्रसंग माणसाला जेवढा छळतो त्याहून प्रसंगाविषयीची त्याची हटवादी समजूत जास्त छळते, असे तो म्हणे, आणि ती समजूत बोलून, वाद घालून, सराव देऊन सोडवी. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत आणला. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला याचे समाधान वाटते, की निव्वळ शब्दांनीही मेंदूचे काम सुधारते. मग गोळी खरी की शब्द? हा प्रश्न तबल्याबद्दल विचारून पाहा. कातडे फाटले असेल तर उस्तादाचाही ठेका उमटणार नाही. पण कातड्याची आणि शाईची कितीही परीक्षा केली तरी त्यातून ठेका कळणार नाही. कुठे कातडे दुरुस्त करावे लागते, कुठे हात, पुष्कळदा दोन्ही.

हे शास्त्रज्ञांनाही नेहमी उमजते असे नाही. १९१३ साली वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘मन’ हा शब्दच शास्त्रातून हद्दपार करायला काढला; वागणे तेवढे खरे, म्हणाला. फ्रॉइडने शिक्षण घेतले मेंदूविकारांचे आणि पुढे आयुष्य काढले स्वप्नांत. आता मेंदूची रंगीत चित्रे निघतात, तर काहींना वाटते की प्रेम कुठल्या कोपऱ्यात राहते त्याचा पत्ता सापडला. भांडोत बापडे, त्या भांडणातूनच विद्या वाढते. घरच्या माणसांनी मात्र त्यात बाजू घेऊ नये.

घरच्या माणसांना हवा असतो पत्ता. शुद्ध हरपली, झटका आला, हात-पाय लुळा पडला, जीभ अडखळली, तर मेंदूविकारतज्ज्ञ. आणि पक्षाघातात तर घड्याळ पाहून, तडक रुग्णालयात. आमच्याकडच्या मलेरियाच्या दिवसांत तापात कुणी असंबद्ध बडबडू लागला, तर ती बाधाही नाही आणि वेडही नाही. तो ताप मेंदूपर्यंत पोचला आहे, तासाचाही उशीर नको. भास, संशय, दोन आठवडे न हटणारी उदासी, जीव द्यावासा वाटणे, यासाठी मनोविकारतज्ज्ञ. अभ्यासातली अडचण, भीती, नवराबायकोचे न पटणे, यासाठी मानसशास्त्रज्ञ. काहीच कळेनासे झाले तर आधी आपला नेहमीचा डॉक्टर. कारण कधीकधी उदासीचे मूळ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत निघते. आणि रात्री-अपरात्री कुणीच नसेल, तर २०२२ साली सरकारने सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते.

पुण्या-मुंबईकडे चेष्टेत येरवड्याचे नाहीतर ठाण्याचे नाव घेतात, तसे आमच्याकडे ‘याला नागपूरला पाठवा’ म्हणतात. ही चेष्टा वरून हलकी वाटते. पण ज्याला खरोखर जायची गरज असते तो तीच ऐकून आणखी दोन वर्षे घरी बसतो. १९१२चा कायदा ‘वेड’ म्हणे, १९८७चा ‘मानसिक आरोग्य’ म्हणू लागला, २०१७चा ‘मानसिक आरोग्यसेवा’ हा हक्क मानतो. कायद्याची भाषा शंभर वर्षांत एवढी सुधारली. आपल्या ओट्यावरची भाषाही थोडी सुधारायला हरकत नाही.

आणि त्या मुलीने मानसशास्त्र घेतले, हे सांगायचे राहिलेच. वडील अजून साशंक आहेत. आजीबाईंना मात्र रोज संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणून पुढ्यात बसवून ती स्मरणशक्तीच्या चाचण्या घेते. आणि आजीबाईंना चाळीस वर्षांपूर्वीच्या दिवाळीत कोण फराळाला आले होते आणि कोण मुद्दाम आले नव्हते, ते सगळे नावानिशी आठवते!

दिवाळीत आपलीही घरे भरलेली असतील. चारचौघांत एखादा गप्प बसलेला दिसला, तर चकलीची बशी घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसावे. दार कोणते ठोठवायचे ते मागाहून ठरवता येईल; तिथवर सोबत कुणी यायला तयार आहे, एवढे त्याला आज कळले तरी पुष्कळ झाले.